‘विद्वत्तापूर्ण आहे’ म्हणून घटक परत आला, आता काय करू?

पत्र (थोडं कापून): सर, मी कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात १४ वर्षं अकाउंट्स शिकवते. दूरशिक्षणाच्या बी.कॉम.साठी ‘घसारा’ (वापरानं वस्तूची किंमत दरवर्षी कमी होते ती) या विषयावर घटक, म्हणजे पुस्तकातला एक धडा, लिहायचं काम आलं. पेपर ४ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा), एकूण ८ घटक, त्यातला हा एक. चार संदर्भग्रंथ समोर ठेवून ५४ पानं लिहिली. संपादकांनी परत पाठवलं, शेरा एवढाच की ‘मजकूर विद्वत्तापूर्ण आहे पण स्वयंअध्ययन साहित्य नाही’. २५ दिवसांची मुदत दिलीय. मला खरं सांगायचं तर राग आलाय. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स आख्ख्या कॉलेजात फिरतात हो! स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, एखाद्या गाइडमधून उचल आणि दे टाकून, मानधन तरी किती मिळणारेय. काम सोडून देऊ, की परत लिहू? आणि परत लिहायचं तर कसं, ते कुणीच सांगत नाही.

उत्तर:

मॅडम, आधी राग काढून घ्या, तो बरोबर आहे. एका ओळीचा शेरा मारून घटक परत पाठवणं म्हणजे पेशंटला नुसतं ‘तब्येत बरी नाही’ सांगून घरी पाठवण्यासारखं झालं. काय बरं नाही ते सांगा की! पण राग निघाला की शेरा परत एकदा वाचा, कारण संपादकांचं म्हणणं खरं आहे. तुम्ही सोबत जोडलेला घटक मी वाचला. पहिल्या पानावर घसाऱ्याच्या तीन व्याख्या, दुसऱ्या पानावर आणखी दोन, मग व्याख्यांची वैशिष्ट्यं, मग घसाऱ्याची कारणं १ ते ९, आणि पहिला आकडा थेट अकराव्या पानावर येतो. अकाउंट्सच्या पुस्तकात दहा पानं आकडा नाही म्हणजे लग्नाला जाऊन दोन तास झाले तरी ताट वाढलेलं नाही अशातली गत.

तुम्ही जे लिहिलंय ना ती विश्वकोशाची नोंद आहे, चांगली नोंद आहे. वाईला आपल्या जवळच मराठी विश्वकोशाचं काम चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते उभं केलं, पहिला खंड १९७६ साली आला, आणि ती नोंद लिहायची पद्धतच अशी की थोडक्यात, नेमकं, तिसऱ्या माणसाच्या आवाजात. ते बरोबरच आहे कारण विश्वकोश उघडणारा माणूस काय शोधायचं ते ठरवून आलेला असतो. तुमचा विद्यार्थी तसा येत नाही. त्याला घसारा हवाय असंही नाही, त्याला डिग्री हवीय, त्यात मधे घसारा आलाय.

आता हा विद्यार्थी कोण ते जरा डोळ्यासमोर आणा. तुमच्या कॉलेजातली पोरं नकोत, ती विसरा. जतचा एखादा पेट्रोल पंपावर काम करणारा, कोरेगावच्या दूध संघात पावत्या लिहिणारी बाई, दहिवडीत नणंदेच्या पोरांना पण सांभाळणारी सून, बारावी होऊन आठ-दहा वर्षं झालेली. रात्री साडेनऊला भांडी आवरून बसणार आणि अकराला डोळे मिटणार. दीड तास. बरं दूरशिक्षणात १ श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात, ४ श्रेयांकांचे १२० तास, ८ घटकांत वाटले तर तुमच्या वाट्याला १५ तास, म्हणजे दीड तासाच्या दहा रात्री झाल्या. या १५ तासांत नुसतं वाचन नाही धरलेलं, उदाहरणं सोडवणं, स्वाध्याय, अभ्यासकेंद्रावर समंत्रकांकडं, म्हणजे तिथं शिकवणाऱ्यांकडं, एखादी चक्कर, सगळं त्यातच. ५४ पानं घट्ट मजकूर त्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर ३०-३२ पानं करा आणि त्यातली निम्मी उदाहरणांची, आणि घटकाचे असे तुकडे पाडा की एका रात्रीला एक तुकडा संपेल. तुकडा संपल्याचं समाधान लागतं माणसाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा घटक लिहायला घेतला तेव्हा मीही तुमच्यासारखाच, वीस वर्षं शिकवलेला, तोंडपाठ. विषय बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि बँकेचं पासबुक यांचा मेळ घालायचा तक्ता. लिहून झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून तासगावातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असलेल्या पोराला वाचायला दिला, तो बाहेरून बी.कॉम. करत होता. म्हटलं माझ्यासमोर बस, वाच, जिथं अडशील तिथं पेन्सिलनं खूण कर, मी काही बोलणार नाही. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. तिथं मी लिहिलं होतं, ‘मागील वर्गात आपण पाहिलेच आहे की...’ पोरगं वर बघून म्हणालं, सर, मी कुठं होतो मागच्या वर्गात?

तेव्हा काय वाटलं ते सोडा, पण त्या एका तासात अकरा खुणा झाल्या, आणि त्यातल्या नऊ जागा अशा होत्या की वर्गात मी तिथं थांबतो, पोरांची तोंडं बघतो आणि आपसूक एक वाक्य जादा बोलतो, ‘अरे बँकेच्या पासबुकात उलटं दिसतं कारण बँकेच्या दृष्टीनं तू देणेकरी नाहीस, बँकच तुझी देणेकरी आहे’ असलं काहीतरी. ते वाक्य माझ्या नोट्समध्ये कधीच नव्हतं. मी ते बोलायचो, लिहायचो नाही. तुमच्या झेरॉक्स पण म्हणूनच चालतात मॅडम, कारण ज्यांच्या हातात त्या आहेत त्यांनी वर्गात तुम्हाला ऐकलेलं असतं. नोट्स म्हणजे तुमच्या बोलण्याची आठवण करून द्यायची चिठ्ठी. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याकडं नुसती चिठ्ठी जाते, बोलणं कऱ्हाडातच राहतं.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, संदर्भग्रंथ कपाटात ठेवा आणि उद्या वर्गात घसारा शिकवताना मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा. घसारा त्या दिवशी नसेल तर घरी कुणाला तरी समोर बसवून शिकवा, नवऱ्याला, सासूबाईंना, कुणालाही. मग ते ऐकून लिहा. तुम्हाला दिसेल की तुम्ही व्याख्येनं सुरुवात करतच नाही. बहुतेक तुम्ही एखाद्या गाडीनं नाहीतर मशीननं सुरुवात करत असणार.

धरा, एकानं ऊस वाहतुकीला ८,००,००० रुपयांना ट्रॅक्टर घेतला. सात वर्षं चालेल, नंतर भंगारात १,००,००० येतील. आता पहिल्या वर्षी वाहतुकीचे पैसे आले, डिझेल गेलं, ड्रायव्हरचा पगार गेला, उरला तो सगळा नफा का? शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल, नाही हो, ट्रॅक्टर झिजला की. झालं, घसारा कळला. व्याख्या आता द्या, आणि एकच द्या. मग ८ लाखातून १ लाख वजा, ७ लाख भागिले ७, वर्षाला १,००,०००. हा स्थिर हप्ता. मग दुसरी पद्धत, दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के, पहिल्या वर्षी १,२०,०००, शिल्लक ६,८०,०००, दुसऱ्या वर्षी त्यावर १,०२,०००, शिल्लक ५,७८,०००. एकच ट्रॅक्टर सगळ्या घटकात फिरवा. तुम्ही पहिल्या पद्धतीला यंत्र घेतलंय, दुसरीला इमारत, तिसरीला फर्निचर, दरवेळी आकडे नवे, विद्यार्थ्याचं निम्मं डोकं नवे आकडे समजून घेण्यातच जातं आणि दोन पद्धतींतला फरक दिसतच नाही.

आता शब्दांचं. तुम्ही लिहिता, सोपं मराठी वापरायचं म्हणजे परिभाषा सोडायची का? अजिबात नाही, वरच्या त्या दुसऱ्या पद्धतीचं नाव परीक्षेत ‘ऱ्हासमान शेष पद्धत’ असंच येणारेय, तो शब्द द्यायलाच हवा. पण गंमत बघा, तुमचा विद्यार्थी मार्केट यार्डात एखाद्या हळदीच्या अडतीवर टॅलीत एंट्र्या मारत असेल तर त्याला ही पद्धत माहिती असू शकते, फक्त त्याचा सी.ए. तिला ‘डब्ल्यूडीव्ही’ म्हणतो. त्याला ऱ्हासमान म्हटलं की वाटतं काहीतरी नवीनच आलं. एकदा सांगून टाका ना, की बाबा ऑफिसात ज्याला डब्ल्यूडीव्ही म्हणतात तीच ही, ऱ्हास म्हणजे कमी होणं, शेष म्हणजे उरलेलं, उरलेलं कमी कमी होत जातं म्हणून ऱ्हासमान शेष. अवघड शब्दानं कुणी मरत नाही, एकाच वाक्यात असले चार आले की मरतो. तुमच्या पान ४ वर एका वाक्यात सहा आहेत, मोजले मी.

आणि ‘तुम्ही’ म्हणा हो विद्यार्थ्याला. ‘अभ्यासकाने लक्षात घ्यावे’ नको, ‘तुम्ही आता हे गणित पेन्सिलनं करून बघा’ म्हणा. स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग म्हणून दूरशिक्षणातले मोठे अभ्यासक होते, त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं हेच की छापील धडा म्हणजे दिशा दिलेल्या गप्पा असायला हव्यात. आपल्याकडं लोकांना वाटतं गप्पांसारखं लिहिलं की दर्जा गेला. संपादक मंडळात एखादे असे सर असतातच, ‘भाषा जरा प्रौढ करा’ म्हणणारे. त्यांच्याशी भांडायला लागलं तर भांडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित, स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तुम्ही घटकाच्या शेवटी २० प्रश्न दिलेत आणि खाली उत्तरं १-ब, २-अ, ३-ड. याचा उपयोग कुणाला? चुकलेल्याला कळतं की चुकलं, का चुकलं ते कळत नाही, आणि विचारायला तर कुणी नाही. आयझॅक पिटमननं इंग्लंडात १८४० साली पोस्टानं शॉर्टहँड शिकवायला सुरुवात केली, पत्रद्वारा शिक्षण म्हटलं की त्याचं नाव पहिलं घेतात, पण त्यानं नुसते धडे पाठवले नाहीत, विद्यार्थी लिहून पाठवायचे आणि तो तपासून परत पाठवायचा. खरी कमाल त्या परत येण्यात होती. छापील पुस्तकात कुणी तपासून देणार नाही म्हणून उत्तरातच तपासनीस बसवावा लागतो. आणि इथं तुमची १४ वर्षं कामाला येतात मॅडम, कारण पोरं कुठं चुकतात हे ग्रंथात नसतं, तुमच्या तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात असतं.

म्हणजे कसं, ट्रॅक्टरच्याच पहिल्या गणिताचं उत्तर १,००,००० असं न लिहिता लिहा, ‘तुमचं उत्तर १,१४,२८६ आलंय का? मग तुम्ही भंगाराचा १ लाख वजा न करताच ८ लाखाला ७ नं भागलंत, पान अमुक परत बघा.’ दुसऱ्या वर्षाचा घसारा १,२०,००० आला असेल तर ‘तुम्ही परत मूळ किमतीवरच १५ टक्के काढले, शिल्लक किमतीवर काढा.’ आणि ती १ ऑक्टोबरला घेतलेल्या वस्तूची जागा, जिथं दरवर्षी निम्मा वर्ग आपटतो, तिथं लिहा की मार्चअखेर सहाच महिने होतात, म्हणून ८ लाखावर १५ टक्क्यांनी ६०,०००च, १,२०,००० नाही. असे चुकीचे आकडे तुम्हाला तोंडपाठ असणार. नवख्या लेखकाला हे जमत नाही आणि गाइडवाल्यालाही जमत नाही. आणि हे प्रश्न सगळे शेवटी साठवून ठेवू नका, दर तीन-चार पानांनी दोन-तीन घाला, खाली थोडी कोरी जागा सोडा लिहायला. प्रेसवाला म्हणेल पान वाया जातं. जाऊ दे.

उद्दिष्टांबद्दल फार नाही बोलत. ‘घसाऱ्याची संकल्पना समजेल’ हे काढा, समजलं की नाही हे मोजणार कशानं? ‘दोन्ही पद्धतींनी घसारा काढता येईल, ट्रॅक्टरचं खातं तयार करता येईल’ असं लिहा आणि जे उद्दिष्टात लिहिलंय त्याचा एक तरी प्रश्न आत आहे ना ते ताडून बघा. एवढं पुरे.

गाइडमधून उचलायचं म्हणताय तर ते नकोच. नैतिक वगैरे बाजूला ठेवा, साधा हिशोब बघा, आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर पुढं ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि दूरशिक्षणाचं पुस्तक हजारो घरांत जातं, त्यात कुणाचा तरी भाचा त्या गाइडवाल्याचा निघतोच. घसारा कसा काढायचा ही रीत कुणाच्या मालकीची नाही, पण त्याचं गणित, त्याची वाक्यं, त्याचा तक्ता हे त्याचं. विकिपीडियाचा मजकूर मोकळा असतो हे खरं, पण तिथं पण श्रेय द्यावं लागतं आणि त्यावर आधारलेलं लिखाण त्याच अटींवर मोकळं ठेवावं लागतं, जे तुमच्या संस्थेला चालेलच असं नाही. तसंही तुमच्या ट्रॅक्टरला कुणाची परवानगी लागत नाही. हां, एक करा, मानधनाच्या कराराचा कागद सही करण्याआधी नीट वाचा, बहुतेक ठिकाणी हक्क संस्थेकडं जातात, मग उद्या तोच मजकूर स्वतःच्या पुस्तकात वापरायचा असेल तर आधी विचारून घ्यावं लागेल.

मानधन कमी आहे हे मान्य. त्याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण सोडू नका असं मला मनापासून वाटतं. मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि त्याला नाव दिलं यशवंतराव चव्हाणांचं, जे तुम्ही कऱ्हाडकर तुमचे म्हणता आणि आम्ही सांगलीवाले जन्म देवराष्ट्र्याचा म्हणून आमचे म्हणतो, ते भांडण चालू राहू दे. रयत शिक्षण संस्था पण तुमच्या कऱ्हाडाजवळच्या काले गावातच १९१९ला सुरू झाली. शाळेत येता येत नाही त्याच्यापर्यंत शाळा न्यायची हे या पट्ट्यात शंभर वर्षं चाललंय, आणि तुमची ती ३० पानं त्यातलाच प्रकार आहे, उगाच फुगवून सांगत नाही.

व्हिडिओबद्दल विचारलंय तुम्ही ताजा कलममध्ये. करा, खात्यात नोंद कशी करायची हे हाताचा कॅमेरा करून सात-आठ मिनिटांत दाखवलं तर छापील चार पानांपेक्षा भारी पडतं, आणि घटकात क्यूआर कोड टाका. पण व्हिडिओ बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही असं एकही पान ठेवू नका, कारण आटपाडी-माणच्या काही वाड्यांवर रेंज अजून झाडावर चढून बघतात.

२५ दिवसांचं म्हणाल तर पहिले पाच दिवस रेकॉर्डिंग आणि ते उतरवून काढणं, पुढचे दहा लिहिणं, आणि मग दोन-तीन दिवस फक्त त्या पेन्सिलच्या परीक्षेला. कॉलेजातला हुशार पोरगा नको, कॅन्टीनमध्ये हिशोब लिहिणारा, बाहेरून शिकणारा शिपाई, असं कुणीतरी शोधा. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा, हे फार अवघड जातं आपल्याला, मी स्वतः तिसऱ्याच मिनिटाला ‘अरे म्हणजे असं’ म्हणून बोलून गेलो होतो, त्या जागेची खूण मग राहूनच गेली आणि पुस्तक छापून आल्यावर तिथंच सगळे अडले. बोलावंसं वाटलं की ते वाक्य वहीत लिहा, तेच घटकात घालायचं राहिलेलं वाक्य असतं. वेळेचे, चहाचे पैसे त्याला द्या, फुकट नको.

आणि शेवटचे दिवस डीटीपीच्या प्रूफाला ठेवा. युनिकोडमध्येच टाइप करून द्या, जुन्या फाँटातून बदलून घेताना रफार भलत्या अक्षरावर जातो आणि ‘वर्ष’चं काहीतरी वेगळंच होतं, शिवाय जुन्या फाँटातली फाइल दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाही. माझ्या त्या घटकात एका खात्याची नावे (डेबिट) बाजू पान ४१ला छापली गेली आणि जमा बाजू पान उलटल्यावर ४२ला, दोन वर्षं विद्यार्थी पान पुढं-मागं करत बसले, आणि प्रूफ तपासल्याची सही माझीच होती. तेव्हा ट्रॅक्टरचं खातं समोरासमोरच्या पानांवर नाहीतर एकाच पानावर येतंय ना, ते प्रेसमध्ये स्वतः जाऊन बघा, फोनवर ‘आलंय मॅडम’ म्हणाले तरी.